‘द हाउसमेड्स सीक्रेट’ : आमच्या डब्यात पडलेले दोन तट

‘द हाउसमेड’ ही इंग्रजी रहस्यकादंबरी वाचून झाली, आता तिचा दुसरा भाग ‘द हाउसमेड्स सीक्रेट’ घेऊ का, असं गेल्या काही आठवड्यांत मला इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच सविस्तर लिहायचं ठरवलं. माझं उत्तर असं : घ्या, वाचा, पण पहिल्या भागाची झिंग डोक्यात ठेवून वाचू नका. तीच धग परत मिळेल म्हणून उघडलंत तर शंभर पानांच्या आत हिरमोड होईल. या पुस्तकाचं बळ वेगळ्याच जागी आहे, आणि तिथे पोचायला लेखिका फार वेळ लावते.

पुस्तक तसं नवं नाही. पहिला भाग एप्रिल २०२२ मध्ये आला, हा दुसरा फेब्रुवारी २०२३ मध्ये, तिसराही जून २०२४ मध्ये येऊन गेला. फ्रीडा मॅकफॅडन हे लेखिकेचं टोपणनाव. बाई पेशाने डॉक्टर, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या. पण डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्या भागावरचा सिडनी स्वीनी आणि अमांडा सायफ्रिडचा सिनेमा आला आणि आमच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात नायिका मिलीचं नाव रोज निघायला लागलं. ज्यांनी शाळेनंतर इंग्रजी पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्याही पहिला भाग संपवून दुसऱ्यासाठी नंबर लावून बसल्या. माझी एकच प्रत आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये फिरली आणि आता तिचा कणा मोडलाय. त्यामुळे हे परीक्षण माझं एकटीचं असलं तरी त्यात चारचौघींची मतं आपोआप आली आहेत. मतं टोकाची आहेत. भांडणं झाली आहेत. एक तर अजून पूर्ण मिटलेलं नाही.

आधी रहस्य न फोडता जेवढं सांगता येईल तेवढं सांगते.

मिली कॅलोवे ही तीच, पहिल्या भागातली. दहा वर्षं तुरुंगात काढलेली, बाहेर आल्यावर मिळेल ते घरकाम करणारी. आता ती समाजकार्याचं शिक्षण घेते आहे, ब्रॉक नावाचा एक सज्जन वकील तिचा मित्र आहे, पण आपण तुरुंगात होतो हे तिने त्याला सांगितलेलं नाही. तिला मॅनहॅटनमध्ये अप्पर वेस्ट साइडला एका अतिश्रीमंत माणसाकडे काम मिळतं. डग्लस गॅरिक त्याचं नाव. स्वयंपाक, धुणं, झाडलोट, सगळं करायचं, अट एकच. बायको वेंडी आजारी आहे, ती पाहुण्यांच्या खोलीत असते, तिचं दार वाजवायचं नाही. मग धुवायच्या कपड्यांत रक्ताचे डाग दिसतात. बंद दाराआडून रडणं ऐकू येतं. मिलीचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना पुढे काय होणार याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज चुकवण्यावरच सगळं पुस्तक उभं आहे.

भाषा सोपी, अगदी सरळ. वर्तमानकाळात, मिलीच्या तोंडून. प्रकरणं छोटी. ठाणे सुटल्यावर सुरू केलेलं प्रकरण घाटकोपरच्या आत संपतं आणि शेवटच्या ओळीला असा एक खिळा मारलेला असतो की दादरला उतरताना चिडचिड होते. आमच्यातल्या एकीने अंबरनाथला चढून सीट मिळाल्यावर उघडलेलं पुस्तक भायखळ्यापर्यंत मिटलं नाही, आणि ती एरवी पुस्तक दिसलं की झोपणारी. इंग्रजी वाचायची भीती वाटणाऱ्यांना मी हे दोन्ही भाग बिनधास्त सुचवते. डिक्शनरी लागत नाही.

एक सूचना प्रतीबद्दल. फुटपाथवर मिळणारी स्वस्त प्रत घेऊ नका. आमच्या एका मैत्रिणीने घेतली. मुखपृष्ठावरचा किल्लीच्या भोकातून बघणारा डोळा हुबेहूब, आत मात्र कागद पातळ, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटलेली, आणि नेमकं जिथे गोष्ट उलटते तिथेच पानं मागेपुढे बांधलेली. तिला वाटलं लेखिकेनेच मुद्दाम असं केलंय. दोन दिवस ती आमच्याशी त्या ‘शैली’वर चर्चा करत होती, मग माझी प्रत शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. रहस्यकथेत पान चुकलं की सगळंच गेलं. पैसे थोडे जास्त जाऊ द्या किंवा वाचनालयातून आणा.

आता इथून पुढे दोन्ही भागांतली रहस्यं फुटतील. मला जे म्हणायचंय ते त्याशिवाय म्हणता येत नाही. वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

पहिली तक्रार, आणि सगळ्यात जास्त जणींची : यात काहीच ‘तसं’ नाही. ही तक्रार बायका हळू आवाजात करतात, पण करतात. विमा कंपनीत काम करणारी आमची मैत्रीण तेवढी मोकळेपणाने म्हणाली, “अगं, पहिल्यात तो मालक, अँड्र्यू, आला की माझ्या पोटात गोळा यायचा. यात कोण आहे? तो ब्रॉक? त्याच्याबरोबर ती जेवायला बसते तेव्हा मला जांभई येते.” तिचं म्हणणं खरं आहे. ब्रॉक देखणा आहे, चांगल्या घरचा आहे, मिलीवर जीव टाकतो, सारखं ‘माझ्याकडे राहायला ये’ म्हणतो, आणि तरी त्यांच्या दोघांच्या एकाही प्रसंगात ऊब नाही. ज्याच्यात ऊब आहे तो एन्झो, तो इटालियन माळी, तो पुस्तकाचा बराचसा भाग गायबच आहे. सिनेमा बघून आलेल्या बायकांची तर जास्तच निराशा झाली, कारण पडद्यावर त्या गोष्टी पुस्तकापेक्षा उघड्या आहेत.

या तक्रारीला हसून सोडून देणारेही भेटले. ‘गरमागरम मसाला हवा असेल तर दुसरीकडे बघा, ही रहस्यकथा आहे’ असं म्हणणारे. मला ते पटत नाही. मॅकफॅडन तशी सोवळीच आहे, दार लावून घेते. आपल्याकडे ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते त्यातून सुटले. त्यांची पुस्तकं माझी आई वर्तमानपत्राचं कव्हर घालून लायब्ररीतून आणायची. त्या पिढीच्या वाचकांना ‘द हाउसमेड’मध्ये चाळवणारं काही सापडणार नाही. तेव्हा प्रश्न वर्णनाचा नाहीच. पहिल्या भागातली धग गोष्टीत एक काम करत होती. दुसऱ्या भागात ते काम करायला कोणी नाही.

कसं ते सांगते. पहिल्या भागात मिली लाँग आयलंडवर विंचेस्टरांच्या बंगल्यात कामाला लागते. माळ्यावरची खोली, दाराला कुलूप बाहेरून. मालकीण नीना आज एक सांगते, उद्या ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणते. आणि नवरा अँड्र्यू? शांत, देखणा, बायकोचं सगळं सहन करणारा, मिलीची बाजू घेणारा. दोघं न्यूयॉर्कला नाटक बघायला जातात आणि रात्री हॉटेलात राहतात, तोवर वाचणारी प्रत्येक बाई मनातून म्हणत असते की त्या वेडपट नीनाला सोड आणि या पोरीला ठेवून घे. मी म्हणत होते. आमचा सगळा डबा म्हणत होता. नंतर कळतं की नीना वेडी नव्हतीच. अँड्र्यूने तिला त्याच माळ्यावर कोंडून, मुळासकट शंभर केस उपटून दाखवायची शिक्षा दिलेली असते, आणि स्वतःची सुटका व्हावी म्हणून तिने मिलीला त्या घरात आणलेलं असतं. तो धक्का इतका लागतो कारण आपण अँड्र्यूवर भाळलेले असतो. लेखिकेने मिलीला ज्या आमिषाने ओढलं त्याच आमिषाने आपल्यालाही ओढलं. धग काढून टाका आणि तीच गोष्ट सांगून बघा. ‘चांगला वाटणारा नवरा वाईट निघाला’, एवढंच उरतं. त्यात कोणाला झोप उडण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या भागात वाचकाचं मन कुठेच गुंतत नाही. डग्लसबद्दल पहिल्या भेटीपासून संशय. ब्रॉकबद्दल काही वाटत नाही. वेंडीची दया येते, पण दया म्हणजे ओढ नव्हे. म्हणून कलाटणी आल्यावर डोकं ‘अरे वा’ म्हणतं आणि छाती शांत राहते. विमा कंपनीवाली मैत्रीण जे ‘मसाला नाही’ म्हणून सांगते ते तिच्या शब्दांत बरोबरच आहे. तिला फसवून घ्यायचं होतं आणि तिला नीट फसवलं गेलं नाही.

हा झाला एक तट. दुसऱ्या तटाची पुढारी आमच्यातली शाळामास्तरीण. तिला दुसराच भाग जास्त आवडला, आणि तिने कारण दिलं तेव्हा मी पुस्तक परत उघडून बघितलं.

कलाटणी अशी आहे. डग्लस वेंडीचा गळा दाबतोय असं मिली बघते, पिस्तूल घेते, गोळी झाडते. वेंडी तिला म्हणते तू जा, तू इथे नव्हतीस. मग पोलिस मिलीच्याच मागे लागतात, कारण वेंडी त्यांना सांगते की मोलकरणीचं आणि माझ्या नवऱ्याचं प्रकरण होतं. आणि मग मिलीला मेलेल्या डग्लस गॅरिकचा फोटो दिसतो. तो माणूस तिने कधी पाहिलेलाच नाही. ज्याने तिला कामावर ठेवलं, पगार दिला, सूचना दिल्या तो डग्लस नव्हताच. तो वेंडीचा प्रियकर, रसेल. मार, रक्त, रडणं हे सगळं एकाच प्रेक्षकासाठी रचलेलं नाटक होतं, आणि तो प्रेक्षक म्हणजे धुणीभांडी करणारी बाई.

शाळामास्तरीण म्हणाली, “हे फक्त मोलकरणीच्याच बाबतीत होऊ शकतं. पाहुणी आली असती, मैत्रीण आली असती तर पहिल्या दिवशी पितळ उघडं पडलं असतं. कामवालीला कोणी ‘हे माझे मिस्टर’ म्हणून ओळख करून देतं का? जो दार उघडेल तो साहेब.” मला हे वाक्य फार लागलं, आणि त्यानंतर पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्या भागाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. पहिल्या भागात सापळा इच्छेचा होता. दुसऱ्यात सापळा हुद्द्याचा आहे. मिलीने त्या घरात जे बघितलं ते सगळं तिला दाखवलेलं होतं, आणि दाखवलेल्यापलीकडे विचारायची सोय तिच्या जागेला नव्हती. इतकी चांगली कल्पना या लेखिकेला पहिल्या भागातही सुचलेली नाही असं मी म्हणेन.

हे मी आमच्या डब्यातल्याच एका ताईंना सांगितलं. उल्हासनगरहून चढतात, मुलुंडला उतरतात, एका सोसायटीत तीन घरची कामं करतात. इंग्रजी वाचत नाहीत, पण आमच्या गप्पा कानावर पडून त्यांना गोष्ट पाठ झाली होती, आणि शेवट काय ते त्यांना हवंच होतं. मी सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “लग्नाचा फोटो नव्हता का घरात? झाडतापुसताना पहिला तोच हातात येतो.” आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. आमच्यापैकी कोणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. नंतर त्या म्हणाल्या की एका घरी त्या सहा महिने ज्यांना आजोबा समजत होत्या ते मालकिणीचे वडील निघाले, सासरे नव्हेत. कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. “आपण नाव घेऊन कुठे बोलतो, साहेब म्हणायचं नि काय.” म्हणजे पुस्तकाची कल्पना त्यांना पटली, फोटोची गोष्ट पटली नाही. मलाही तेच म्हणायचंय. लेखिकेने घरभर फिरणाऱ्या, कपाटं पुसणाऱ्या, टपाल उचलणाऱ्या बाईच्या नजरेला कमी लेखलंय. घरकाम करणाऱ्या बाईइतकं त्या घराचं कोणालाच माहीत नसतं. मिलीच्या हाताखालून त्या घरातली प्रत्येक वस्तू जाते आणि तिला एवढ्या दिवसांत एकही गोष्ट खटकू नये, याला माझी मान डोलत नाही.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे : मिली मंद झाली आहे. पहिल्या भागाच्या शेवटी तिने अँड्र्यूला जे केलं ते आठवा. त्यानंतरच्या काळात तिने आणि एन्झोने मिळून छळ सोसणाऱ्या बायकांना घराबाहेर पडायला मदत केली, हे लेखिकाच आपल्याला सांगते. म्हणजे ही बाई अनुभवी आहे. तिला खोटे वळ कळायला हवेत, ठरवून ऐकवलेलं रडणं कळायला हवं, निदान शंका तरी यायला हवी. पण पुस्तकाचा पहिला अर्धा भाग ती त्याच बंद दारासमोर उभी राहते, काहीतरी ऐकते, दचकते, खाली जाते. ब्रॉकला सांगावं का? नको. पोलिसांना सांगावं का? नको. परत दार. पानं उलटत राहतात, पण गोष्ट पुढे जात नाही. मधे तिच्या इमारतीतल्या एका माणसाचं आणि तिच्या मागावर असलेल्या गाडीचं उपकथानक आहे, ते मला भरतीचं वाटलं. आमच्यातल्या दोघींनी पुस्तक याच टप्प्यावर सोडलं आणि परत हातात धरलं नाही. मी त्यांना म्हटलं, वेंडीचा भाग सुरू होईपर्यंत तग धरा. एकीने धरला. ती आता शाळामास्तरणीच्या बाजूला आहे.

कारण वेंडी बोलायला लागते तेव्हा पुस्तक जागं होतं. पहिल्या भागात जसा नीनाचा अर्धा भाग, तसाच यात वेंडीचा. तिने पैशासाठी लग्न केलं, लग्नाआधीच्या करारामुळे घटस्फोटात हाती फारसं लागणार नाही, मग रसेल, मग बेत. स्वतःची प्रत्येक गोष्ट तिला रास्त वाटते. ती खोटं बोलते हे तिला कळत नाही असं नाही; आपल्याला तो अधिकार आहे असं तिला वाटतं. तिच्या तोंडचं निवेदन मिलीपेक्षा कितीतरी धारदार आहे. खरा डग्लस मात्र बिचारा साधा माणूस निघतो, आणि त्याचा जीव जातो तेव्हा मला वाईट वाटलं, जे या प्रकारच्या पुस्तकात सहसा होत नाही. शेवटी रसेलची बायको मेरीबेथ येते आणि हिशेब चुकता करते, तो भाग घाईत उरकलाय, पण डब्यात सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळाली. मेरीबेथ ही आधी कोपऱ्यात दिसून गेलेली बाई. पुन्हा तेच, जिच्याकडे कोणाचं लक्ष नाही ती.

आता ते न मिटलेलं भांडण.

आमच्या एका मैत्रिणीने पुस्तक संपवून माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, मला हे आवडलं नाही आणि मी तिसरा भाग वाचणार नाही. तिची धाकटी बहीण नवऱ्याच्या मारामुळे माहेरी आली आहे, केस चालू आहे. ती म्हणाली, “माझ्या बहिणीला तारखेला, नातेवाइकांत, शेजारात सगळीकडे एकच ऐकावं लागतं, खोटं बोलतेय, पैशासाठी करतेय. आणि ही बाई पुस्तक लिहून तेच दाखवते. मार खाणारी बायको नाटक करत होती. लाखो लोक वाचतात आणि टाळ्या वाजवतात.” यावर शाळामास्तरीण म्हणाली की कादंबरी आहे, एका वेंडीवरून सगळ्या बायका खोट्या ठरत नाहीत, आणि पहिल्या भागात तर नीनावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं तेव्हा तीच खरी निघाली होती. दोघींचा आवाज चढला. मुंब्र्याच्या बोगद्यात गाडी शिरली तरी थांबल्या नाहीत.

मी बराच विचार केला आणि माझं मत पहिल्या मैत्रिणीच्या बाजूला झुकतं. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आपल्याकडे आहे, सासरच्या छळाविरुद्धचं जुनं ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ व्या कलमात आहे. पण पोलिस चौकीत पाय ठेवण्याआधीच बाईला ‘खरं सांगतेस ना?’ या नजरेतून जावं लागतं. अमेरिकेत फार वेगळं नसावं, नाहीतर पहिल्या भागातल्या नीनाची गोष्ट तिथल्या बायकांना इतकी भिडली नसती. शाळामास्तरणीचं म्हणणं मी समजू शकते : लेखिकेने जाणूनबुजून पहिला भाग उलटा केलाय. तिथे वेडी वाटणारी खरी होती, इथे बिचारी वाटणारी खोटी आहे. पण उलटवायचं म्हणून उलटवलंय. मिली आणि एन्झोने सोडवलेल्या बायकांचा उल्लेख ओझरता येतो. त्यातल्या एकीला जरी पुस्तकात चेहरा दिला असता, तिची दोन प्रकरणं दिली असती, तर वेंडीचं खोटं त्या खऱ्या बाईच्या शेजारी उभं राहिलं असतं आणि मिलीचा संतापही आपल्याला जास्त कळला असता : माझ्या आयुष्याचं जे काम, त्याचाच तू फास केलास. तो संताप पुस्तकात हवा तेवढा नाही. मिलीला अडकल्याची भीती वाटते, फसवल्याचा राग येतो, पण वेंडीने त्या सगळ्या बायकांचं काय केलं हे ती कधी म्हणत नाही. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लिहायचं राहून गेलंय.

हे सगळं असूनही गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळाच्या २०२३ च्या वाचक-पुरस्कारांत रहस्यकथांमध्ये वाचकांनी याच पुस्तकाला पहिलं निवडलं, हेही सांगायला हवं. म्हणजे आवडणारे पुष्कळ आहेत. मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. ज्यांना कोडं आवडतं त्यांना हे पुस्तक पहिल्यापेक्षा सरस वाटेल. ज्यांना कोड्याआधी जीव गुंतायला हवा त्यांना ते कोरडं वाटेल. माझ्या स्वतःच्या कपाटात दोन्ही आहेत आणि परत वाचायला मी पहिलाच काढेन. फक्त वेंडीची प्रकरणं मात्र सुटी काढून पुन्हा वाचली आहेत आणि आणखी एकदा वाचेन.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पहिला भाग न वाचता हा घेतला तरी गोष्ट कळते, लेखिका मागचं थोडक्यात सांगते. पण तसं करू नका, कारण एन्झो कोण आणि त्याच्या येण्याची वाट का बघायची हे मग कळत नाही, आणि पहिल्या भागाचं रहस्यही वाया जातं. ज्यांना मारहाणीचं, गळा दाबण्याचं वर्णन सहन होत नाही त्यांनी जपून. कॉलेजच्या मुलींना द्यायला हरकत नाही, माझ्या भाचीने वाचलंय. सासूबाईंना दिलंत तर पहिला भाग आधी स्वतः वाचून मग ठरवा.

तिसऱ्या भागात मिली आणि एन्झोचं लग्न झालेलं आहे, दोन मुलं आहेत आणि ती लाँग आयलंडवर स्वतःच्या घरात राहायला जाते. तो सध्या शाळामास्तरणीकडे आहे. विमा कंपनीवालीने तिला आत्ताच विचारून ठेवलंय की एन्झो किती पानांवर आहे.